लगोरी, ४० केबीत: प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

माळा आवरताना डबडं सापडलं. १९९७ च्या दिवाळीत बाबांनी आणलेला काळा व्हिडिओ गेम, बाहेरून काहीतरी जपानी वाटेल असं नाव आणि आतून निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची (त्यांचा ऐंशीच्या दशकातला जपानी व्हिडिओ गेम) सरळसरळ कॉपी. दोन रिमोट (हो, आम्ही रिमोटच म्हणायचो, कंट्रोलर हा शब्द फार नंतर आला), एक ९९९९ इन १ कॅसेट ज्यात खरे गेम वीसेक आणि बाकी तेच फिरून फिरून, अ‍ॅडॉप्टर गायब. आई म्हणाली भंगारवाल्याला दे, भाचा म्हणाला मामा चालू कर.

राउटरचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घुसवणारच होतो, मग आठवलं की फॅमिकॉमच्या अ‍ॅडॉप्टरला मधली पिन निगेटिव्ह असते आणि राउटरला पॉझिटिव्ह, म्हणून आधी मल्टिमीटरने बघितलं आणि वायर उलटी करून जोडली. नाहीतर २७ वर्षं जपलेलं मशीन दोन सेकंदात गेलं असतं.

उघडल्यावर जीव भांड्यात पडला. नंतरच्या स्वस्त डबड्यांत सगळं एकाच काळ्या ठिपक्याखाली असतं, याच्यात मात्र ४० पायांच्या दोन वेगळ्या चिपा आहेत, यूए६५२७पी आणि यूए६५३८, म्हणजे एक सीपीयू आणि एक चित्र काढणारी. चालतंय! आवाज जरा खरखरतो. भाच्याने पंधरा मिनिटं कॉन्ट्रा खेळला आणि विचारलं यात आपला कुठला गेम आहे का. आपला म्हणजे? तर म्हणे क्रिकेट, कबड्डी, लगोरी असलं काहीतरी.

लगोरी. ठरलं.

नियम एकच घालून घेतोय: कुठलीही मॅपर चिप (कॅसेटमध्ये जादा मेमरी जोडून देणारी) वापरायची नाही. ३२ केबी प्रोग्रॅम, ८ केबी चित्रं, बास. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स एवढ्यातच बसवलाय, मग आपली लगोरी बसायला काय हरकत आहे. (हे वाक्य ऑगस्टमध्ये वाचून रडायला येणार, माहितीये.)

१६ जून, रविवार

टूल्स लावून झाली. सीसी६५ कंपायलर, त्यावर नेसलिब ही तयार कोडची लायब्ररी, टेस्टिंगला मेसेन, म्हणजे कॉम्प्युटरवर या मशीनची नक्कल करणारा एमुलेटर. कॉलेजात ८०८५ प्रोसेसर केलेला असल्याने वाटलं या डबड्यातला ६५०२ काय, हातचा मळ. पण ८०८५ ला निदान बी, सी, डी, ई, एच, एल असा गोतावळा तरी होता, इथे ए, एक्स आणि वाय, संपली रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतली आकडे ठेवायची घरं). त्याच्या बदल्यात पहिल्या २५६ बाइटांची झीरो पेज मेमरी जरा झटपट मिळते, तीच रजिस्टरांसारखी वापरायची. एकूण रॅम २ केबी. माझ्या फोनमधला वॉलपेपर अशा हजार रॅममध्येही मावणार नाही.

सीमध्ये लिहितोय खरं पण ते नावालाच सी आहे. फंक्शनमध्ये लोकल व्हेरिएबल घेतलं की कंपायलर स्वतःचा वेगळा स्टॅक चालवतो आणि गेम गोगलगाय होतो, म्हणून सगळं ग्लोबल, सगळं 'अनसाइन्ड चार', म्हणजे ० ते २५५ एवढंच मावणारा एक बाइट. ऑफिसच्या कोड रिव्ह्यूमध्ये असं काही लिहिलं तर हाकलून देतील.

एक पोरगा चालायला लागला स्क्रीनवर. चड्डी निळी, बाकी रंग संपले.

३० जून, रविवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात, अर्धे रस्ते बंद, कुठे जायचा प्रश्नच नाही. सकाळपासून लगोरीला बसलोय.

डिझाइन असं होतं की मारिओसारखं बाजूने दिसणार, मधे सात दगडांची लगोरी, बॉल लागला की दगड जमिनीवर पसरणार. पसरवले आणि पोराचे पाय गायब! पुढे सरकलो तर पाय आले, बॉल गायब. तासभर माझा कोड शोधत बसलो, पण कोडची चूकच नव्हती, ही मशीनची मर्यादा. स्क्रीनवर एकूण ६४ स्प्राइट (८ पिक्सेल रुंद हलती चित्रं) चालतात पण एका आडव्या रेषेवर फक्त ८, नववा आला की चिप त्याला सरळ काढतच नाही. आता हिशेब करा, ७ दगड, १ बॉल, दोन पोरं प्रत्येकी २ रुंद म्हणजे ४, झाले १२. चार जण घरी.

सगळे करतात ती युक्ती म्हणजे दर फ्रेमला स्प्राइटांचा क्रम फिरवायचा, म्हणजे तेच ते गायब न होता आळीपाळीने सगळे लुकलुकतात. करून बघितलं. दगड असे लुकलुकतायत की जणू दिवाळीची माळ.

आई मागून चहा घेऊन आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "दगड काय कवायत करतात का रे, असे एका रांगेत उभे राहायला?"

आईचं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे लगोरी फुटली की दगड चौफेर जातात, एखादा नेमका तुळशी वृंदावनाच्या मागे आणि एखादा शेजारणीच्या वाळवणात, आणि खरा खेळ म्हणजे तोच, की कुठला आधी उचलायचा. मी तिला समजावत होतो की आई अगं बाजूने दिसतंय ना, जमीन एकच रेष आहे, आणि समजावता समजावताच कळलं की बाजूने दाखवायचं मुळात कारणच काय. मारिओ बाजूने दिसतो म्हणून? वरून दाखवलं तर दगड वेगवेगळ्या रेषांवर पडतील आणि आठचा प्रश्न जवळजवळ मिटला.

तीन आठवड्यांचं काम कचऱ्यात. चहा मात्र फक्कड होता.

७ जुलै, रविवार

पावसाने उघडीप दिली तेवढ्यात एक उद्योग केला. दगड कसे पसरवायचे यासाठी मी रँडम आकडे वापरत होतो आणि ते पार खोटं दिसत होतं, म्हणजे कुणीतरी मूठभर शेंगदाणे टाकल्यासारखं. लगोरी तशी फुटत नाही. वरचे दोन-तीन दगड लांब उडतात, मधले जरा सरकतात आणि सगळ्यात खालचा बऱ्याचदा जागेवरच राहतो.

मग सरळ सोसायटीत खालच्या मोकळ्या जागेत शहाबादी फरशीचे सात तुकडे रचले, टेनिस बॉल मी मारायचो आणि भाचा पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वरून फोटो काढायचा. आई गॅलरीत खुर्ची टाकून पंचगिरी करत होती ("हा धरू नकोस, बॉल टप्पा पडून लागला"). सोळा वेळा फोडली. दोन तुकडे तुटले, सेक्रेटरी काका खाली येऊन काय चाललंय विचारून गेले, आणि मग पाच मिनिटांनी परत येऊन स्वतः दोनदा मारून गेले.

संध्याकाळी सोळाही फोटोंवर ग्रिड टाकून दगडांच्या जागा मोजल्या. प्रत्येक दगडाचे एक्स आणि वाय मिळून २ बाइट, ७ दगड, १६ नमुने, झाले २२४ बाइट. फक्त दोन नमुन्यांत चार दगड एका रेषेत येत होते, ते थोडे खालीवर सरकवले. आता गेममधली प्रत्येक फूट ही आमच्या सोसायटीत खरोखर झालेली फूट आहे.

१४ जुलै, रविवार

जुन्या व्हिडिओ गेमवाल्यांच्या आमच्या टोळक्याची बैठक, कर्वेनगरला एका मित्राच्या घरी. सहा माणसं, चार कन्सोल, एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि वडापाव. एक जण जीबी स्टुडिओ या टूलवर गेम बॉयसाठी रहस्यकथा करतोय, एक जण एसजीडीके हे टूल घेऊन सेगाच्या मेगा ड्राइव्हवर रिक्षाची शर्यत करतोय ज्यात अजून फक्त रिक्षा आहे, शर्यत नाही. बाकीचे खेळायला आणि नावं ठेवायला.

एकाकडे ६० पिनवाला एव्हरड्राइव्ह आहे, एसडी कार्डवरून गेम चालवणारी कॅसेट. माझं डबडं घेऊन गेलो होतो. पहिल्यांदाच खऱ्या मशीनवर लगोरी लावली आणि स्क्रीनवर डाव १७३, पोरगा भिंतीच्या आत, दगड तीनच.

हसून हसून मेले सगळे. एमुलेटरमध्ये तर मस्त चालत होतं! मग कळलं, मेसेनमध्ये सुरुवातीला सगळी रॅम शून्य असते असं मी सेटिंग ठेवलेलं आणि खऱ्या मशीनमध्ये चालू करताना रॅममध्ये वाट्टेल ते असतं. नेसलिबचा स्टार्टअप कोड ती रॅम पुसतो, पण मी चार बाइट वाचवायचा शहाणपणा करून तोच तुकडा उडवला होता. मेसेनमध्ये रॅम मुद्दाम कचऱ्याने भरायचं सेटिंग आहे, ते आता कायमचं चालू.

यावरून वाद झाला. गेम बॉयवाला म्हणे एमुलेटरवर चालतं ना मग झालं की, डबडी आहेत कुणाकडे आता. मला ते पटत नाही. ज्या मशीनसाठी करतोय त्यावर चाललं नाही तर मग आठ स्प्राइटांची रडारड तरी कशाला करायची, सरळ फोनवर करावा ना गेम. तो म्हणाला बरोबर आहे, फोनवरच कर. वडापाव संपले म्हणून भांडणही संपलं.

२० जुलै, शनिवार

स्पीडची भानगड. मेसेनमध्ये जो पोरगा टुणटुणीत पळतो तो डबड्यावर जेवून उठल्यासारखा चालतो. कारण मी अमेरिकन-जपानी पद्धतीने सेकंदाला ६० फ्रेम धरल्या होत्या आणि आपल्याकडचं सगळं पाल या टीव्ही पद्धतीचं, म्हणजे ५०.

पण गंमत पुढे आहे. संगीत पण संथ झालं, मात्र सूर बदलले नाहीत. खऱ्या युरोपियन पाल मशीनमध्ये सीपीयूच हळू चालतो, १.६६ मेगाहर्ट्झ, त्यामुळे सूर पण उतरतात. माझ्या डबड्यात सीपीयू १.७७ वर, म्हणजे जपानी १.७९ च्या अगदी शेजारी, फक्त फ्रेम ५०. रशियात डेंडी नावाने जी विकली गेली त्याच जातीचं हे मशीन. म्हणजे ना धड जपानी ना धड युरोपियन, तिसरंच काहीतरी, आणि ज्यांनी बनवलं त्यांनी विचार करून बनवलंय, कारण जपानी गेम टीव्हीवर चालायला हवेत आणि टीव्ही तर ५० चे.

आता गेम सुरू होताना एक छोटं लूप मोजतो की दोन फ्रेमच्या मधे किती वेळ मिळाला. जपानी मशीनमध्ये साधारण २९,७८० सायकल (सीपीयूचे ठोके), युरोपियन ३३,२४७ आणि आपल्या डबड्यात ३५,४६४. तिन्हीत एवढा फरक आहे की ढोबळ मोजलं तरी कळतं. मग वेगाचा टेबल बदलायचा. ६० ला फ्रेममागे २ पिक्सेल तर ५० ला २.४ हवेत, आणि इथे अपूर्णांक नावाची चीज नाही, म्हणून एक बाइट पूर्णांकाला आणि एक बाइट २५६ भागांना. २ आणि १०२ भाग. झालं, पळायला लागला.

२५ जुलै, गुरुवार

पाऊस भयानक. सिंहगड रोडला घरांत पाणी शिरलंय. आपल्यातला मेगा ड्राइव्हवाला तिकडेच, तळमजल्यावर. माणसं सुखरूप आहेत. आज कोड नाही.

२८ जुलै, रविवार

सगळे त्याच्याकडे साफसफाईला गेलो. घरचं आवरून झाल्यावर कॅसेटांचा ट्रंक उघडला तर चिखलाचा राबडा. अठरा कॅसेटा. सगळ्यांचे स्क्रू काढले, बोर्ड आधी स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, आणि मग चादरीवर ओळीने वाळत घातले, त्याची आई म्हणाली हे काय पापड घातलेत का. ज्यांच्यात सेव्हची बॅटरी होती त्यांचे सेव्ह गेले. सतरा चालल्या. अठरावी अजून वाळतेय असं तो म्हणतो, आम्ही काही बोललो नाही.

४ ऑगस्ट, रविवार

आज मराठी अक्षरं. हे मी मुद्दाम टाळत होतो.

प्रकार असा की बॅकग्राउंडला एकूण २५६ टाइल, प्रत्येक ८ बाय ८ पिक्सेलची. इंग्रजीवाल्यांना काय, २६ अक्षरं, २६ टाइल, विषय संपला. आपल्याकडे ८ पिक्सेलात वर मात्रा, मग शिरोरेषा, मग अक्षर, आणि खाली उकार, एवढं कोंबलं तर उवा झाल्यासारखं दिसतं. म्हणून १६ उंच करायला लागतं, म्हणजे दोन टाइल. बाराखडी करायला गेलं तर अंगण आणि भिंतींना काही उरणारच नाही.

फॉन्टचा नाद सोडला. जेवढे शब्द लागतात तेवढेच, चित्र म्हणून काढायचे, मग ८ बाय ८ चे तुकडे करायचे आणि सारखे तुकडे एकदाच ठेवायचे. त्यासाठी पायथनमध्ये वीस ओळी लिहिल्या. आणि इथे आपली शिरोरेषा कामाला आली, कारण टाइलांमध्ये फट नसतेच, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत आपोआप सलग जाते, आणि नुसत्या रेघेची टाइल ढीगभर ठिकाणी चालते. काना म्हणजे उभा दांडा, तोही सगळीकडे तोच, फक्त अक्षरं अशी मांडायची की दांडा कायम टाइलच्या उजव्या कडेला येईल. बॅकग्राउंडची टाइल आरशासारखी उलटवता येत नाही, स्प्राइटची येते, नाहीतर अजून वाचल्या असत्या.

मग शब्द निवडायला लागलो आणि तिथे फार मजा आली. 'सुरू करा' गेलं, दोन उकार. 'स्टार्ट दाबा' गेलं, जोडाक्षर आणि रफार. 'बटण दाबा' बघा कसं सरळ आहे, खाली काही नाही, वर काही नाही, नुसते दांडे. 'खेळ संपला' पण चालतं. 'गुण' वर अडलो कारण गु ला खाली उकार आणि त्या एका उकारासाठी पूर्ण खालची ओळ ठेवायला लागत होती. आईला विचारलं तुम्ही गुण कसे मोजायचा, तर म्हणाली गुण कसले, डाव मोजायचे. डाव! दोन अक्षरं, सरळ. आणि खुद्द 'लगोरी' या शब्दात एकही उकार नाही, जोडाक्षर नाही. 'विटीदांडू' घेतला असता तर मेलो असतो.

११८ टाइल लागत होत्या, ७१ वर आणल्या. आकडे ८ बाय ८ मध्येच बसवलेत, ५ आणि ६ नीट वाचता येतात, १ आणि ९ मध्ये भाच्याचा गोंधळ होतो. ९ ची शेपूट एक पिक्सेल वाढवली.

११ ऑगस्ट, रविवार

आवाज. फॅमिस्टुडिओ या संगीताच्या टूलमध्ये एक ढोलकीसारखा ठेका केला, नॉइज चॅनलवर तुणतुण्याची आशा ठेवू नये एवढं शिकलो. डबड्यावर लावलं तर मुख्य सूर वेगळाच, पोकळ. वाटलं स्पीकर. पण नाही, काही क्लोन चिपांमध्ये पल्स चॅनलच्या (सूर वाजवणाऱ्या) ड्यूटीचे, म्हणजे लाटेचा किती भाग चालू ठेवायचा त्याचे, दोन बिट उलटे जोडलेले असतात, म्हणजे २५ टक्के मागितले की ५० मिळतात आणि ५० मागितले की २५. प्रोग्रॅमला हे ओळखता येत नाही, कारण ती किंमत परत वाचताच येत नाही, कानालाच ओळखावं लागतं. म्हणून टायटलवर सिलेक्ट दाबलं की उलटसुलट होईल असं ठेवलंय.

लगोरी रचून झाली की ओरडायला भाच्याचा आवाज घेतला. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारा सॅम्पल चॅनल एका वेळी एकच बिट घेतो, आवाज एक पायरी वर की खाली एवढंच. जास्तीत जास्त रेटला सेकंदाला ४ केबीच्या वर जातात, म्हणून त्याचं "लगोरीऽऽऽ" पाऊण सेकंदात कापलं. ३ केबी त्यातच गेले. ऐकायला असं वाटतं की कुणीतरी डब्यात तोंड घालून ओरडतंय, पण ओळखू येतो.

आणि लगेच लोच्या. भाचा म्हणाला, "मामा, हा ओरडला की आपोआप उजवीकडे पळतो." मी म्हटलं तूच दाबत असशील. नाही! रिमोट खाली ठेवून दाखवला, पोरगा उजवीकडे. सॅम्पल चॅनल मेमरीतून बाइट खेचतो त्याच क्षणी रिमोट वाचला जात असेल तर एक बिट हरवतो, मागचे सगळे एक घर पुढे सरकतात, आणि शेवटचं घर 'उजवीकडे'चं असल्याने तिथे खोटाच एक येऊन बसतो. मूळ फॅमिकॉममधला दोष, कॉपी करणाऱ्यांनी इमानदारीत तोही कॉपी केला. इलाज सोपा, रिमोट दोनदा वाचायचा, दोन्ही सारखे आले तरच खरं मानायचं, नाहीतर परत.

रात्री जेवताना भाच्याने दोनदा सांगितलं की बग मी शोधला. टायटलमध्ये नाव हवंय. त्याच्या नावात उकार आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार

तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार. खरी कॅसेट करायची तर चिपा पाहिजेत. जुन्या कॅसेटा फोडून चिप काढायचा विचार होता पण या सगळ्या एवढ्यातल्या इतक्या-इन-१ वाल्यांमध्ये काळा ठिपकाच असतो, उपयोग फक्त बाहेरच्या खोक्याचा. बोर्ड मी ऑनलाइन बनवून घेतलेत, पहिल्या खेपेला जाडी नेहमीची १.६ मिमी दिली आणि खाचेत जाईचना, १.२ ची परत मागवली. ते पैसे गेले.

एका दुकानात विनबाँडच्या डब्ल्यू२७सी५१२ मेमरी चिपा मिळाल्या, विजेने पुसता येतात, अल्ट्राव्हायोलेट दिवा लागत नाही. ६४ केबीची चिप आणि माझा प्रोग्रॅम ३२, म्हणून तोच दोनदा एकापुढे एक लिहायचा, चित्रांचे ८ केबी आठ वेळा, म्हणजे वरच्या ॲड्रेस लाइनी कुठेही असल्या तरी फरक पडत नाही. चिपा मात्र घासून नवीन छापलेल्या दिसतायत. सहापैकी दोन, लिहून परत वाचून बघितल्यावर फेल. परत करायला गेलो तर "दादा, चिपा परत नसतात."

गल्लीच्या टोकाला एक काका आहेत, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाले. त्यांना बोर्ड दाखवला तर चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, व्हिडिओ गेमचा ना, नव्वदच्या दशकात रोज पाच-सहा यायचे, सगळ्यांचा आजार एकच, पोरं रिमोटची वायर ओढायची. मग म्हणाले तुमच्या बोर्डावर चिपेजवळ कपॅसिटर नाही, ०.१ चा टाका प्रत्येकीला. पैसे घेतले नाहीत, कपॅसिटरचे पण.

२४ ऑगस्ट, शनिवार

सोल्डर मारला, कॅसेट लावली, चालू केलं, राखाडी स्क्रीन.

काढली, फुंकर मारली (माहितीये, त्याने काही होत नाही, उलट थुंकी जाते, पण हात ऐकत नाही), परत राखाडी. सगळे जोड भिंगाखाली तपासले. मल्टिमीटरने साठही पिना एकेक करून. रात्रीचा दीड.

मग फाइलचा आकार बघितला. ४०,९७६. ३२,७६८ अधिक ८,१९२ म्हणजे ४०,९६०. वरचे १६ बाइट! एमुलेटरसाठी फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटांचं हेडर असतं आणि मी ते न काढताच फाइल कापली होती. म्हणजे चिपेत सगळंच १६ घरं पुढे सरकलेलं, सीपीयू चालू झाल्यावर शेवटच्या घरांमध्ये पत्ता शोधतो की सुरुवात कुठून करू, तिथे भलताच पत्ता. चार तास. सोळा बाइट.

परत बर्न केली. "बटण दाबा." आईला उठवून दाखवणार होतो, नाही उठवलं.

१ सप्टेंबर, रविवार

सोसायटीच्या गणपतीत ठेवायचं ठरलंय. आमचा एलईडी टीव्ही डबड्याचा सिग्नल कधी धरतो कधी निळा पडदा दाखवतो, म्हणून जुन्या बाजारातून १४ इंची डबा टीव्ही आणला, घासाघीस करून ७०० ला. रिक्षावाला म्हणाला साहेब हा कशाला, मी नवीन देतो.

१४ सप्टेंबर, शनिवार

संगीतखुर्ची आणि वेशभूषा झाल्यावर मांडवाच्या कोपऱ्यात टेबल लावलं. टोळकं झाडून सगळं आलं होतं, गेम बॉयवाला पण, आणि तोच पोरांना रांगेत उभं करत होता. फोनवर दिवसभर असणारी पोरं टिकतील का अशी धाकधूक होती. पहिल्या दहा मिनिटांत एकाने स्क्रीनला बोट लावून सरकवायचा प्रयत्न केला. नंतर मात्र आरडाओरडा एवढा की आरतीसाठी बंद करायला लागलं.

मोठी माणसं जास्त वेडी झाली. सेक्रेटरी काकांनी दगड पडायची पद्धत बघून विचारलं, "हा आपल्या खालचा डाव का?" मी हो म्हटलं. नंतर ते येईल त्याला सांगत होते की यातले दोन माझे आहेत.

आणि साडेआठला बी विंगमधल्या एका चौथीतल्या पोराने गेम मोडला. आपल्या रिमोटवर टर्बो बटणं असतात ना, दाबून धरलं की मशीनला वाटतं सेकंदाला दहा-पंधरा वेळा दाबलंय. दगड रचायला ए दाबायचं ठेवलंय, त्याने टर्बो धरला, सात दगड अर्ध्या सेकंदात, "लगोरीऽऽऽ". तीन महिन्यांत मला एकदाही सुचलं नाही, कारण मी कीबोर्डवर खेळत होतो. बाकीची पोरं "चिटिंग, चिटिंग" आणि तो शांतपणे, "बटण दिलंय तर."

२२ सप्टेंबर, रविवार

टर्बोचा बंदोबस्त. बंद करता येत नाही, मशीनला तो कळतच नाही. मग आईकडून अजून एक ऐकलेलं घातलं, की घाईत ठेवलेला दगड घसरतो. दोन दाबांमध्ये आठ फ्रेमपेक्षा कमी वेळ गेला तर वरचा दगड पडणार. आता टर्बोने दुसरा दगड टिकतच नाही. बी विंगवाल्याला बोलावून टेस्ट करून घेतलं. त्याने मान डोलावली आणि विचारलं टीम कधी करणार, दोघांत काय मजा.

चार जणांचा विचार केला. एका रेषेवरचे ८ स्प्राइट फक्त पोरांचेच. नको.

२९ सप्टेंबर, रविवार

प्रोग्रॅममध्ये २१२ बाइट शिल्लक, टाइल ६ शिल्लक. भाच्याचं नाव उकारासकट बसवलं, तीन टाइलमध्ये, मोजून बघितल्यावर तो म्हणाला शिरोरेषा वाकडी आहे. नाहीये.

दोन कॅसेटा केल्या होत्या. एक मशीनमध्ये आहे. दुसरी गणपतीनंतर बी विंगवाला "एका दिवसासाठी" घेऊन गेला, मग त्याच्याकडून त्याचा मित्र, आणि आता म्हणे ती कोथरूडला कुणाच्या तरी मावसभावाकडे आहे. आज फोन केला, मावसभाऊच बोलला, आठवीतला वगैरे असेल. म्हणाला देतो ना काका, अजून खेळून झाली नाही. मी विचारलं तुमच्याकडे मशीन कुठलं आहे. म्हणाला मशीन नाहीये, तेच शोधतोय.